लबीब उस्तादांचा संघ

इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या आमच्या चर्चच्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचं काम माझ्या नवऱ्याने, लबीबने, स्वतःहून अंगावर घेतलं. औषधाच्या दुकानात दिवसभर खुर्ची उबवणारा माणूस. जन्मात चेंडूला हात लावलेला नाही. पण त्याचं म्हणणं, श्रद्धा असली की चेंडू आपोआप जाळीपलीकडे जातो. त्यामुळे सराव थोडा आणि प्रवचन फार. सर्व्हिस जाळीत अडकली की मुलीला विचारायचा, उपवास मोडलास का?

सगळ्यात जास्त बोलणी शेजारची फेब्रोनिया खायची. चौदा वर्षांची, उंच, अबोल. तिच्या हातून चेंडू निसटला की हिचं मन देवात नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. ती रडायची नाही. संध्याकाळी चर्चच्या मागच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारत राहायची. गच्चीवरून कपडे काढताना मला दिसायची.

चर्चांच्या स्पर्धेतला अंतिम सामना जवळच्याच मल्लवी गावच्या चर्चशी होता. आधी लबीबने मुलींकडून स्तोत्र म्हणवून घेतलं. पलीकडच्या मुलीही तेच स्तोत्र म्हणत होत्या. मी विचारलं, आता देवाने करायचं काय? तर म्हणे, आपण मोठ्याने म्हणतोय.

शेवटचा चेंडू फेब्रोनियाच्या पुढ्यात पडला आणि आम्ही हरलो. लबीब आमच्या धर्मगुरूंच्या, अबूनांच्या, देखत तिच्यावर घसरला. शुक्रवारी ही प्रार्थनेला उशिरा आली, म्हणून देवाने अख्ख्या संघाला शिक्षा दिली, असं त्याचं निदान.

फेब्रोनिया पहिल्यांदाच बोलली. "उस्ताद, चेंडूवर जायला मला उशीर झाला. चूक माझी आहे. त्यात देवाला ओढू नका."

"तू मला देव शिकवणार?"

"नाही. पण भिंतीपाशी मी रोज प्रार्थना करते. जिंकू दे असं कधी मागितलं नाही. घाबरू नये, एवढंच मागते. आज घाबरले नाही."

अबूनांनी तिथल्या तिथे लबीबला संघावरून काढून रविवारच्या गायनवर्गावर नेमलं. बिचारी ती मुलं.

आता लहान मुलींना फेब्रोनियाच शिकवते. आधी घटकाभर डोळे मिटते, मग त्यांना पाय हलवायला लावते. नवऱ्याची प्रवचनं ऐकून ऐकून मला चर्चमध्ये जांभयाच यायच्या. हल्ली मैदानाच्या कडेला बसते आणि ती डोळे मिटते तेव्हा मीही मिटते.