तरंगबाबांची रंगीत तालीम

पडद्यावर तीनशे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात जोडलेले हात. शाळेचा विज्ञान, कला आणि समाजसेवा मेळावा यंदा ऑनलाइन भरला होता. सातवीतल्या एका पोराचा ज्वालामुखी विज्ञान कक्षात एकटाच फसफसत होता. तो बघायला त्याची आईसुद्धा नव्हती. सगळी गर्दी समाजसेवा कक्षात लोटली होती, कारण तिथे तरंगबाबा प्रकट झाले होते.

"विज्ञान जिथं संपतं, तिथून आमचं नेटवर्क सुरू होतं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "तरंग येतायत... एका घरात आजोबा न्हाणीघरात घसरलेत. डावा खुबा!"

"अगंबाई! आमचेच आजोबा!" एका चौकोनातून किंकाळी आली.

मग कुणाचा बिघडलेला फ्रिज, कुणाच्या मुलाचं मोडलेलं लग्न, बाबांना सगळंच दिसू लागलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना 'मोफत आरोग्य मार्गदर्शन' अशा गोंडस नावाखाली बोलावलं होतं. आता बाई स्वतःच "धन्य झाले, धन्य झाले" असं पुटपुटत होत्या आणि ते सगळ्या शाळेला ऐकू येत होतं.

मी त्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. घरचं नेट रुसल्यामुळे मेळाव्यापुरता ताईकडे मुक्काम ठोकला होता. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, आमच्याच शाळेत आठवीत आहे. हुशार, तोंडाळ, आणि लहानपणापासून दम्याची.

"एक मुलगी," बाबांनी आवाज खाली आणला, "छातीत घरघर. निळा पंप... कपाटाच्या वरच्या कप्प्यात. दिसतोय मला! माते, तिचा श्वास मी माझ्या तरंगाशी जोडलाय. आता पंप वापरशील तर तरंग तुटेल."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कार्यक्रम संपताच तिनं भाचीच्या दप्तरातून पंप काढला, कपाटात टाकला आणि कुलूप लावून किल्ली मुठीत आवळली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? पंप बंद केला तर पोरीच्या जिवावर बेतेल. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना?"

"इतकी वर्षं झाली, त्यांना बरं करता आलं का? आणि तू एवढा शहाणा ना, मग सांग. वरचा कप्पा बाबांना कळला कसा?"

मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. औषधाच्या दुकानातून दुसरा पंप आणून मी भाचीला गुपचूप दिला. पण आईच औषधाच्या आड आली, तर चोरून किती दिवस पुरवणार?

पंप ओढून झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, पंप वरच्या कप्प्यात नव्हताच."

"म्हणजे?"

"माझ्या दप्तरात होता. काल तालमीच्या वेळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, 'तुझा निळा पंप वरच्या कप्प्यात आहे गं!' मी म्हटलं, ओरडू दे. बाबांना पंप दिसला असता, तर दप्तर दिसलं असतं. त्यांना आईचं ओरडणं ऐकू आलं!"

तालीम! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंचा हुकूमच होता की समूहगीत जमतंय का ते कळायला हवं, तेव्हा तालमीत कुणीही माइक बंद करायचा नाही. गीत दोन कडव्यांचं, तालीम अख्खी दुपार. उरलेल्या वेळात घराघरातून भांडणं झाली, उसासे टाकले गेले, आजोबांचा खुबा शेकला गेला. आणि शेवटच्या रांगेत एक काळा चौकोन मुकाट बसून होता. त्यावर लिहिलं होतं, 'पाहुणे'.

हे ताईला सांगितलं, तर म्हणाली, "पंप एक दिवस कप्प्यात नव्हता, म्हणून काय झालं? रोज तिथंच असतो ना?" पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारोपाची तालीम होती. ताई बाजारात गेली होती आणि काळा चौकोन हजर होता. भाचीनं माइकजवळ तोंड नेलं. "मामा, आईच्या थोरल्या बहिणीची पाठ कशी आहे?"

"अंथरुणाला खिळलीय गं. मागच्या खोलीत. ती करडी मांजर पायाशी बसून असते." हसू दाबताना मला ठसका लागला.

दुपारी समारोपात बाबा भलतेच रंगात आले होते. "काल जिचा श्वास बांधला, तिची माता कुठाय? माते, तुझी थोरली बहीण अंथरुणाला खिळलीय! मागची खोली... पायाशी करडी मांजर. सगळी बाधा त्या मांजरीचीच!"

ताई बघतच राहिली. मग तिनं माइक चालू केला. "बाबा, मला थोरली बहीण नाही. घरात थोरली मीच."

"नीट आठव, माते."

"बहीण काय आठवावी लागते का?"

"मागच्या जन्मातली असेल," बाबा घाईघाईनं म्हणाले.

"मग ती आमच्या मागच्या खोलीत कशाला झोपेल?" भाचीनं विचारलं.

बाबांचा चेहरा पडद्यावरून गायब झाला. आवाज मात्र राहिला. "गाढवा! तालमीत कान देऊन ऐक म्हटलं होतं ना? कुणाची बहीण माझ्या गळ्यात घातलीस?"

भाचीनं मग सगळ्या शाळेला उघड्या माइकांची गोष्ट आणि आमच्या खोट्या मावशीची गोष्ट सांगितली. सांगता सांगता तिला खोकल्याची उबळ आली. माझा हात खिशातल्या पंपाकडे गेला. पण माझ्याआधी ताई उठली, कपाट उघडून पंप घेऊन आली.

"आधी हा घे," ती म्हणाली. "मग बोल. सगळं सांग त्यांना."

एवढं होऊनही एका गृहस्थांनी चॅटमध्ये लिहिलंच, 'पण आमच्या आजोबांचा खुबा तर खरा निघाला ना?' भाचीनं उत्तर धाडलं, 'काका, तो तुम्हीच सांगितला होता.'

मला बाबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त आमच्या हातांचा आला. इतके पटकन जुळले ते! कुणी तुमच्या घरातलं गुपित सांगितलं, तर नमस्कार नंतर करा. आधी विचारा, हे त्याच्या कानावर कुणी घातलं? आणि जो तुमच्या लेकराचं औषध बंद करायला सांगतो, त्याला काहीसुद्धा विचारू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.