टोकाची मागणी

आईचा फोन आला तेव्हा शिवांजली पडद्यावर माहितीच्या अडकून पडलेल्या एकाच मागणीकडे बघत होती. कराडच्या कंपनीत ती ऑपरेटिंग सिस्टीमचं काम करायची. संगणकाच्या डिस्कवरची माहिती वाचणारी सुई असेल तिथून जवळच्या मागण्या आधी उरकायची. जवळच्या येतच राहिल्या की डिस्कच्या टोकाची बिचारी ताटकळत राहायची. त्यापायी गिऱ्हाइकांची यंत्रं मध्येच गोठत होती आणि साहेबांनी हे लोढणं तिच्या गळ्यात अडकवलं होतं.

आई, धोंडुबाई, जतकडच्या वस्तीवर एकटी राहायची. डोळ्यांपुढं कडेनं अंधार येतोय, हे तिचं फोनवरचं सांगणं मागल्या दिवाळीच्याही आधीपासूनचं. सांगून झालं की वर स्वतःच म्हणायची, "सवडीनं ये बाळ. माझं काय घाईचं न्हाई."

ही तिची जन्माची खोड. टँकरच्या रांगेतही ती लेकुरवाळ्यांना पुढं घालायची आणि तळाचं गढूळ पाणी घेऊन घरी यायची. शिवांजलीनं तिचा शब्द सोयीनं खरा धरला. आज मीटिंग, उद्या नणंदेचं डोहाळजेवण. जवळचं संपेना आणि जतला जाणं होईना.

अखेर दोष सापडला. प्रत्येक मागणीला तिनं मुदत लावून दिली. मुदत टळली की कितीही लांबची असो, आधी तीच. अडकलेली मागणी सुटली, साहेबांनी पाठ थोपटली. शिवांजलीला मात्र आईचं 'सवडीनं ये' आठवलं. रजा टाकून तिनं वस्ती गाठली आणि आईला सांगलीला नेलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर जवळजवळ गेलीच होती आणि गेलेली परत येत नाही. आधी का आणलं नाही, असं त्यांनी विचारलं.

शिवांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिला काम हुतं," आईच म्हणाली. "मीच म्हनलं, सवडीनं ये."

दोघी परतल्या तेव्हा वस्तीवर टँकर आला होता. धोंडुबाई सवयीनं घागर घेऊन चाचपडत रांगेच्या शेवटाकडे निघाली. बायकांनी तिचं चाचपडणं पाहिलं. रांगेत पुढं असलेल्या सुलाबाईनं तिचा हात धरून तिला थेट पाइपापाशी नेलं.

"मावशी, आज तुमी फुडं."

आजवर तिला कुणी पुढं घातलं नव्हतं. शिवांजलीनं पाइपाखाली घागर धरली. ती भरत आली तशी धोंडुबाईनं काठावर हात ठेवला.

"पानी कसं हाय गं?"

"नितळ हाय, आई."