घाम आला की साखर

माझ्या वडिलांना, अण्णांना, मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. २००४च्या जानेवारीत डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि आठवड्याभरातच ते आमच्या पिठाच्या गिरणीत घामाघूम होऊन खाली बसले. साखर बावन्नवर उतरली होती. त्या दिवशी मीच नियम घातला : अण्णांना घाम आला की आधी दोन चमचे साखर पाण्यातून द्यायची, बाकी सगळं नंतर. आईनं तो पाठ केला. गिरणीत गप्पा मारायला येणाऱ्या बाळासोकाकांनीही केला.

मी तेव्हा प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांच्या हृदयावर काम करत होते. हृदयाच्या पेशीला साखर नीट वापरता आली नाही की ती चरबीवर भागवते. चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो आणि पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा हळूहळू झिजते. एका औषधानं ती झीज थांबते का, हे मी मोजत होते. अण्णा मला ‘उंदरांची डाक्टरीण’ म्हणत.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी जिना उतरून गिरणीत आले, तर पट्टा थांबलेला. अण्णा गव्हाच्या पोत्याला टेकून बसले होते. बाळासोकाका पेल्यात चमचा फिरवत होते.

“आलीस व्हय? काय काळजी करू नगंस. घाम आला, साखर दिली. तुझंच शास्त्र.”

“किती वेळ झाला?”

“धा मिनिटं झाली आसतील. ह्यो दुसरा पेला.”

“अण्णा, छातीत दुखतंय?”

“न्हाई गं. कुटंच दुखत न्हाई.”

“काल पेठेची पोरं मॅच हरली, त्येचा घाम हाय ह्यो,” काका म्हणाले.

“गप ए. हरली न्हाईत. पंचानं हरवली.”

अण्णा भांडत होते, म्हणून मला धीर आला. साखर चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. घड्याळ बघत मी उभी राहिले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ओठांभोवती पांढुरकं दिसत होतं. पीठ असेल म्हणून मी ओढणीनं पुसलं. ते पीठ नव्हतं.

मी वर धावले, साखर तपासायचं यंत्र आणलं, बोटाला टोचलं. दोनशे शहाऐंशी.

“बघ, चढली की!” काका खूश झाले.

मी तो आकडा पुन्हा वाचला. दोन पेले साखरपाण्यानं एवढ्या वेळात पन्नासाचे दोनशे शहाऐंशी होत नाहीत. म्हणजे साखर उतरलेलीच नव्हती. मग हा घाम कशाचा? जुन्या मधुमेहात नसा बोथट होतात. हृदयाचा रक्तपुरवठा तुटला तरी छाती गप्प राहू शकते. हे मला माहीत होतं. जास्त प्राणवायू मागणाऱ्या त्या हृदयाला तो मिळतच नव्हता, आणि आम्ही त्याला साखर पाजत बसलो होतो.

“काका, रिक्षा आणा.”

“अगं, पर साखर तर...”

“रिक्षा!”

मी कधी ओरडत नाही. काका अनवाणीच पळाले.

रिक्षात अण्णा म्हणत होते, “गिरणी उघडी टाकून आलो की गं.” आवाज प्रत्येक वळणावर बारीक होत गेला.

हृदयाचा आलेख काढून डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधी सुरू झाला?”

“पस्तीस-चाळीस मिनिटं झाली. त्यातली वीस आम्ही साखर देण्यात घालवली.”

त्यांनी मान वर केली नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू केलं. “आलात ते बरं झालं. पण हृदयाचा काही भाग गेला असेल. किती, ते आज सांगता येणार नाही.”

उंदराचं हृदय मी बाहेर काढून, कापून मोजते. किती वाचलं, किती गेलं, ते वहीत लिहिते. इथे फक्त पडद्यावरची एक हिरवी रेघ होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी मला जवळ बोलावलं. गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असलेला माणूस, पण मला कान जवळ न्यावा लागला.

“अनू, दुखलंच न्हाई की गं.”

“हो, अण्णा.”

“मग फुडल्या येळी कळायचं कसं?”

त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या कपाळावर ठेवला.

“बघ, वलं हाय का?”

कपाळ कोरडं होतं. मी तसं सांगितलं.

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं.