धाकट्याच्या हातचं सोनं

मोगलाईतल्या आमच्या पालममध्ये तरण्या पोरानं पोरीशी चारचौघांत बोलायचा दिवस वर्षातून एकच, दसरा. आपट्याची पानं सोनं म्हणून हातावर ठेवायची, दोन शब्द बोलायचे, कुणी काही म्हणायचं नाही. बाकी वर्षभर नुसतं बघायचं, तेही कुणी बघत नसताना.

माझी मैत्रीण सिद्धम्मा, किराणा दुकानदार चन्नबसप्पांची लेक. समोर महालिंगच्या मामाचं कापडाचं दुकान. महालिंग पूर्ण्याचा, मामाच्या हाताखाली राहिलेला. त्याचं लक्ष कापडावर कमी आणि समोरच्या ओट्यावर जास्त. त्या दसऱ्याला त्यानं तिच्या हातावर सोनं ठेवलं आणि हळूच म्हणाला, "माघात आमच्या घरची मानसं येतील. न्हाई म्हनू नका."

झालं, एवढंच त्यांचं प्रेम. पण ती पानं सुकली तरी सिद्धम्माच्या उशाखाली होती, आणि त्यावरून मी तिला पुरेपूर छळलं.

माघात माणसं आली खरी. महालिंगची आई नागुबाई, मामा आणि आणखी दोघं. मुलगी बघायला नवरदेव येत नसे, मुलीसमोर त्याचं नावही निघत नसे. चन्नबसप्पा मात्र लेकीवर जीव टाकणारे. ते आत आले आणि म्हणाले, "पूर्ण्याच्या पाहुन्यांना व्हय म्हनू का?" असं आम्हा पोरींपैकी कुणालाच कधी कुणी विचारलं नव्हतं. सिद्धम्मानं लाजून मान हलवली. नागुबाईंनी कुंकू लावलं, तोंडात साखर घातली. जबान दिली गेली.

पाहुणे गेल्यावर तिची आई समाधानानं म्हणाली, बिजवर असला म्हणून काय झालं, चंद्रप्पा स्वभावानं गरीब आहे.

चंद्रप्पा म्हणजे महालिंगचा थोरला भाऊ. त्याची बायको आदल्या साली वारली होती. महालिंगनं घरी सांगितलं, मुलगी चांगली आहे. घरानं ठरवलं, चांगली आहे तर थोरल्याला करू. थोरल्याचा संसार मोडलेला असताना धाकट्याला कोण विचारतो?

सिद्धम्मा रडत म्हणाली, मला हे नको.

"तूच मान हलवलीस," आई म्हणाली. "मग तुला कोन वाटला व्हता?"

 महालिंगचं नाव घ्यायचं तर वर्षभराचं बघणंही सांगावं लागलं असतं, आणि बापाला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला चीड येते ती बापाच्या त्या विचारण्याची. विचारलंच नसतं तर निदान दोष तरी दुसऱ्याला देता आला असता.

उन्हाळ्यात लग्न झालं. पुढच्या दसऱ्याला मी पूर्ण्याला मावशीकडे होते, म्हणून सोनं द्यायला तिच्या घरी गेले. महालिंग आईच्या पाया पडला, भावाच्या पडला आणि मग सिद्धम्मासमोर आला. वयानं तो मोठा, पण नात्यानं आता ती मोठी. त्यानं तिच्या हातावर पानं ठेवली आणि खाली वाकला.

"वयनी, सोनं घ्या."

 आशीर्वाद दे की, म्हणून नागुबाईंनी तिला हटकलं.

सिद्धम्मानं पानं मुठीत घट्ट धरली. "औंदा तुमचं लगीन होऊ द्या, भावजी," ती म्हणाली.