काळ्या बर्फाची लाज

मी हिमनदी बोलतेय. नदी म्हणतात, पण पाण्यासारखी खळखळत पळणाऱ्यांतली मी नव्हे. डोंगर खरवडत, हत्तिणीच्या चालीनं मी उतरायचे. दक्षिणेच्या थंड समुद्रात केर्गेलेन नावाचं फ्रेंच लोकांचं बेट आहे, तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या अंगावर माझा संसार. नकाशावर मला कुणा दाढीवाल्या विद्वानाचं नाव दिलंय. तो जन्मात इकडे फिरकला नाही. बाईमाणसाला बुवाचं नाव! मी ते कधी लावलं नाही आणि लावणारही नाही.

माझा जन्म एका दिवसाचा नव्हे. बर्फावर बर्फ पडत गेला, वरच्याचं ओझं खालच्यानं सोसलं आणि सोसता सोसता तो दगडासारखा घट्ट झाला. त्या दाबात त्या काळची हवा माझ्या पोटात कोंडली. मधूनच डोंगर खोकायचा आणि राख उडवायचा. ती राखही मी गिळली. हवा आणि राख, एवढंच माझं स्त्रीधन.

तरुणपणी माझं नाक समुद्रात असायचं. सीलची चरबी उकळायला आलेले खलाशी मी पाहिलेत. आडदांड माणसं, जनावरांना दयामाया दाखवली नाही मेल्यांनी. पण माझ्या समोरून जाताना आवाज खाली करायचे. मी एक कडा समुद्रात सोडला की त्यांच्या कढया हिंदकळायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग वस्ती झाली. वर्षभरासाठी बोटीनं माणसं येतात. कुणी वारा मोजतो, कुणी पक्षी, कुणी नळ दुरुस्त करतो. जूनमध्ये, इकडे दिवस सगळ्यांत लहान होतो तेव्हा, ही माणसं सण करतात. सणाच्या जेवणाआधी ग्लासात रम आणि रममध्ये माझा तुकडा. तुकडा विरघळला की कोंडलेली हवा तडतड फुटते. त्या वेळी वस्तीचा प्रमुख असो की भांडी घासणारा, सगळे गप्प बसतात आणि आपापला ग्लास कानाशी धरतात. तो आवाज ऐकल्याशिवाय जेवणाला हात लावायचा नाही, अशी रीत.

पुढे ऊब वाढली आणि मी मागे सरू लागले. आधी समुद्र सुटला, मग खडक. जिथे मी पसरून पडायचे तिथे तळं साचलं. माझ्यापर्यंत कुणाला पोचता येईना, तेव्हा वस्तीतले लोक फ्रीजमधल्या वड्या ग्लासात टाकू लागले. तो बर्फ मुका. तरी रीत म्हणून ते ग्लास कानाला लावत, काही ऐकू येत नसे, मग हसत आणि जेवायला बसत. माझ्या नावानं हसत. हे मला तळ्याकाठी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळायचं आणि मी आणखी आक्रसायचे.

यंदा जेर्वे परत आला. रेयुनियों बेटावरचा आचारी. पोरसवदा असताना एक हिवाळा इथे काढून गेलेला; तेव्हा माझ्या नाकाशी उभं राहून त्यानं स्वतः बर्फ फोडला होता. आता केस पांढरे, नोकरीचं शेवटचं वर्ष. आल्या आल्या भर भोजनगृहात त्यानं सांगून टाकलं, की यंदा ग्लास बोलणार, बर्फ मी आणणार. वस्तीनं ते धरून ठेवलं. महिनाभर जो तो विचारी, काका, म्हातारी बोलणार ना? काका म्हणत, बोलेल, माझ्याशी बोललेली आहे.

एकट्यानं जायचं नाही, तिघांनी जायचं, हा इथला नियम. म्हणून सोबत आर्मेल आली, बर्फाचा अभ्यास करणारी, माझी मापं घेणारी पोर. आणि ल्युदो, यंत्रं दुरुस्त करणारा, जिभेला हाड नसलेला. तळ्याच्या पाण्यात पाऊल टाकायचं नाही, अशी प्रमुखाची ताकीद होती.

ते दरीत शिरले तेव्हा मी त्यांना लांबून पाहिलं. जेर्वे पुढे होता. जुन्या जागी येऊन तो थांबला आणि इकडेतिकडे बघू लागला, चुकीच्या घराचं दार वाजवल्यासारखा. समोर नुसते गोटे, मग तळं, आणि तळ्यापलीकडे उंच कातळावर मी. मळकी, भेगाळलेली, चिखलात बरबटलेली.

"काका, पाहुणी घर बदलून गेली," ल्युदो म्हणाला. "पत्ता ठेवला नाही वाटतं तुमच्यापाशी."

 जेर्वेची नजर माझ्यावरून सरकली आणि पुढे गेली. त्यानं मला ओळखलंच नाही. अंग चोरून घ्यायचं म्हटलं, तर चोरायला अंग तरी कुठे उरलंय?

तळ्याच्या काठाला रात्रीच्या गारठ्यानं बर्फाचा पापुद्रा धरला होता. स्वच्छ, काचेसारखा, आतून निळसर झाक. तळ्याचं साधं पाणी ते, कालपरवा गोठलेलं. पण जेर्वेच्या आठवणीत मी तशीच होते, निळी आणि नितळ. त्याचा चेहरा उजळला. तो कुऱ्हाड घेऊन धावला. वाटेत एक ढेकूळ आडवं आलं, राखेनं काळं, खडे रुतलेलं. वरच्या कातळावरून तुटून वाहत आलेला माझाच तुकडा तो. जेर्वेनं त्याला लाथेनं बाजूला सारलं आणि नितळ पापुद्रा फोडून पेटी भरली.

आर्मेलनं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला पुसवेना. ल्युदो पेटी बांधत होता तेवढ्यात तिनं ते काळं ढेकूळ उचलून आपल्या पिशवीत घातलं. अशी मी वस्तीवर गेले, चोरासारखी.

सणाच्या दुपारी भोजनगृह गच्च भरलं होतं. सशाचं मटण, भात, मिरचीचं झणझणीत तोंडीलावणं. सगळं जेर्वेच्या हातचं. स्वच्छ धुतलेला सदरा घालून त्यानं प्रत्येकाच्या ग्लासात स्वतः बर्फ टाकला. सगळे गप्प झाले. ग्लास कानाला लागले.

काही नाही.

कुणी खुर्ची सरकवली. कुणी खोकलं. जेर्वेनं ग्लास दुसऱ्या कानाला लावून पाहिला. आणि ल्युदो, ज्यानं बोलायची एकही संधी सोडली नव्हती, तो ताटात बघत बसला. त्या मुलाचं बोलणं जेर्वेनं सोसलं असतं. त्याचं गप्प बसणं मात्र सोसवलं नाही. त्याची मान खाली गेली.

आर्मेल उठली. बाहेर गारठ्यात ठेवलेल्या पिशवीतलं ढेकूळ आणून तिनं जेर्वेसमोर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "काका, ही ती. मी तिथेच सांगायला हवं होतं."

जेर्वे बघत राहिला. ढेकळाखाली टेबलावर काळं पाणी साचत होतं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला मी लाथ मारली. घाण समजून."

त्यानं एक टवका काढला आणि न धुता ग्लासात टाकला. रम गढूळ झाली, तळाशी राख बसली. एवढ्या माणसांसमोर माझा मळ ग्लासात फिरत होता. मी ठरवलं होतं, बोलायचं नाही. मुकं राहायचं, निदान तेवढी तरी अब्रू राखायची. पण तो आवाज माझ्या मर्जीचा नाही. बर्फाला फट पडली की कोंडलेली हवा सुटते. ते माझं मोडणं आहे, बोलणं नव्हे. मी तडतडले. शांततेत टेबलाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण उभे राहिले. जेर्वेची पत राहिली, त्याचा शब्द खरा झाला, आणि माझ्या मोडण्याला वाहवा मिळाली.

जेर्वेनं टाळी वाजवली नाही. त्यानं तो ग्लास राखेसकट रिकामा केला. मग उरलेलं ढेकूळ फडक्यात घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर गेला आणि वाऱ्यात, ताज्या हिमावर त्यानं मला ठेवलं. आणि माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसला. न्हाणीघराचं दार मोडकं असेल तर घरचं माणूस बाहेर पाठ फिरवून बसतं ना, तसा.

आत त्याला हाका मारत होते. तो उठला नाही.

मी अजून कातळावर आहे, दर उन्हाळ्यात थोडी कमी. ऊब कुणी वाढवली ते मी विचारत नाही. विचारलं तर तुम्हीच खाली बघाल. माझी लाज माझ्यापाशी राहू द्या. मला बघायला याल, मापं घ्याल, फोटो काढाल. काढा. पण मी तुटल्याचा आवाज आला तर टाळ्या तेवढ्या वाजवू नका. जमलं तर घटकाभर पाठ फिरवून बसा.