पेटीतला आवाज

वाघोलीच्या दुर्गाबाईंचं पत्र श्रीधरपंतांच्या खणात कधीचं अनुत्तरित पडून होतं. ‘तुमची मंगलाष्टकांची पेटी घेतली आहे. वैशाखात मुलीचं लग्न आहे. पेटी मीच लावावी असं फार मनात आहे. मी विधवा आहे. चालेल का?’

कोथरूडच्या त्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरे, तबले आणि कळ दाबली की मंगलाष्टकं म्हणणारी ही पेटी बनत असे. ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणं हे निवृत्त ग्रंथपाल श्रीधरपंतांचं काम. ‘चालेल’ म्हणणारे आपण कोण, या शंकेत त्यांनी कितीतरी कागद फाडले. मालक सुदर्शनना विचारलं, तर ते म्हणाले, “काका, पेटी विजेवर चालते, एवढंच कळवा.”

वैशाख उलटला. खंडेनवमी आली. कामाच्या टेबलावर वाद्यं मांडली गेली. त्यांना हळदकुंकू लावायचा मान दरवर्षी मंदाकिनीबाईंचा. वाद्यांची जोडणी करणाऱ्यांत त्या सर्वांत जुन्या. शिवाय पेटीतला आवाज त्यांचाच. आषाढात त्यांचे यजमान गेले होते. सवयीने त्यांनी तबकाला हात घातला.

सुदर्शनच्या आईंनी तबक ओढून घेतलं. “मंदा, राहू दे गं आता. आमची सून दीपमाला लावेल हळदकुंकू. तू चहाचं बघ.”

मंदाकिनीबाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दीपमालेने पेटी सुरू केली. मंगलाष्टकं खोलीभर घुमली. सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

“काकू, हा आवाज कुणाचा?” दारातून प्रश्न आला.

“तो तू सवाष्ण असतानाचा आहे.”

सुदर्शन खाली बघत म्हणाले, “मंदाताई, तसंही नव्या पेटीत दुसरा आवाज घेतोय. उद्या लोक विचारतील हो.”

“काय विचारतील?”



विचारणारी एक बाई श्रीधरपंतांना ठाऊक होती. त्यांनी खणातलं पत्र आणून मंदाकिनीबाईंच्या हातात दिलं. “यांना काय लिहू?”

त्यांनी ते वाचलं. “लिहा, चालेल. आवाज कुणाचा, तेही लिहा. नावासकट.”

“अहो, नोकरी जाईल तुमची.”

“ती काकूंनी तबकाबरोबरच ओढून घेतली.”

त्या चहा न ठेवताच निघून गेल्या.

वैशाखातल्या त्या मांडवात पेटीची कळ कुणा सवाष्णीनेच दाबली असेल. पोटच्या मुलीवर अक्षता पडताना दुर्गाबाई आत, भांड्यांपाशी उभ्या असतील. आता लिहून काय उपयोग, असं श्रीधरपंतांच्या मनात आलंच. तरी या वेळी त्यांनी कागद फाडला नाही.

‘दुर्गाबाई, चालेल. पेटीत गाणाऱ्या मंदाकिनीबाईही विधवा आहेत. चालेल, हे तेव्हाच कळवायला हवं होतं.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडल्याचा आवाज ऐकूनच ते वळले.