मी तिन्ही वेळा खरंच सांगितलं होतं

मी मिस्त्रीचा लांब स्क्रूड्रायव्हर बोलतोय. गोड बोलणार नाही. गोड बोलावं असं माझ्याशी कुणी वागलेलं नाही.

घडलो स्क्रू फिरवायला, पण मिस्त्रीनं मला वेगळ्याच कामाला लावलं. चालू इंजिनात संशय असेल तिथं माझं टोक टेकवायचं आणि माझी लाकडी मूठ कानाला लावायची. आतली घरघर, किरकिर मी जशीच्या तशी त्याच्या कानात नेऊन घालायचो. तीस वर्षं तो म्हणेल तोच बिघाड निघाला. लोक त्याला 'कानवाले मिस्त्री' म्हणायचे. तो फुगायचा, खोटं कशाला बोलू, मीही फुगायचो.

मग त्याचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. तो मात्र कुणाजवळ कबूल करेना.

त्याच सुमारास जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. इंजिन सुरू झालं की शिट्टी वाजते, गुरं बिचकतात, अशी त्यांची तक्रार. इंजिनाच्या पुढं एकच बेल्ट चार-पाच चाकांवरून फिरतो. मिस्त्रीनं मला एकेका चाकावर टेकवलं. मधल्या गुळगुळीत चाकाचं बेअरिंग कोरडं पडून किंचाळत होतं. मी ते त्याच्या कानात ओतलं. त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही.

"बेल्ट गेलाय," तो म्हणाला. बेल्ट बदलला.

चार दिवसांनी बाई परत आल्या. पुन्हा मी सांगितलं, पुन्हा त्यानं ठोकून दिलं. या खेपेला बेल्ट ताणणारं चाक बदललं गेलं.

तिसऱ्यांदा बाई आल्या त्या हात गळ्यात बांधून. गाडी त्यांच्या नवऱ्यानं चालवत आणली. बाई तबेल्यात घोडा तपासत असताना कुणीतरी त्यांची गाडी मागं घेतली, शिट्टी वाजली, घोडा बिथरला आणि बाईंचं मनगट भिंतीशी चिरडलं.

मला पुन्हा चाकांवर टेकवून, कानाला लावून मिस्त्री म्हणाला, नवा बेल्टच खराब निघाला. त्याची मुलगी आठ वर्षं त्याच गॅरेजात राबत होती, पण मला हात लावायची तिला परवानगी नव्हती. तिनं चालत्या बेल्टवर पाणी शिंपडलं. बेल्टचा दोष असता तर आवाज बदलला असता. तो तसूभरही बदलला नाही.

"बाबा, द्या इकडे. तुम्हाला शिट्टी ऐकूच येत नाहीये."

"मला शिकवू नकोस."

तिनं मला त्याच्या मुठीतून ओढून घेतलं. तिसऱ्याच, त्या मधल्या गुळगुळीत चाकावर ती थांबली. इंजिन बंद करून तिनं बेल्ट उतरवला आणि ते चाक बोटानं फिरवलं. कोरडी खरखर बाईंच्या नवऱ्यालाही ऐकू गेली.

मिस्त्री म्हणाला, मी तेव्हाच हे म्हणत होतो.

"नव्हतात म्हणत," बाई म्हणाल्या. "ऐकू येत नाही एवढं म्हणाला असतात, तर माझा हात शाबूत असता."

संध्याकाळी मुलगी गेल्यावर त्यानं मला टेबलावरच्या शिकंज्यात आवळलं आणि सगळा भार टाकून वाकवलं. दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला तो मला दाखवू लागला: "हा वाकलाय बघा. आवाज पोचणार कसा?"

तीस वर्षं त्याच्या कानाशी राहिलो, त्याचं हे फळ. आता माझ्या टोकानं तो रंगाचे डबे उघडतो. मुलीनं इंजिन ऐकायची, डॉक्टरांच्या असते तसली नळी विकत आणली आहे. एकाच छपराखाली दोघं एकमेकांकडं पाठ करून काम करतात. कुणी माझी कीव करू नका, आणि मिस्त्रीला माफ कर असंही मला सांगू नका. फक्त कानाला काही लावलंत आणि ऐकू आलं नाही, तर तसं सांगायची लाज बाळगू नका.

काल बाईंची गाडी आली. शिट्टी नाही, काही नाही. गाडीची सावली पायांवर पडली तेव्हा कुठं मिस्त्रीनं मान वर केली.

"बेल्ट मीच बसवलेला आहे ना आत?" तो मोठ्यानं म्हणाला.

मुलगी गाडीखाली होती. तिथूनच तिनं काहीतरी उत्तर दिलं. काय म्हणालीस, असं त्यानं विचारलं नाही.